बातमीत तिघांचीही नावं हवीत

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या शहर पुरवणीत जाझ पियानो ट्रिओच्या, म्हणजे पियानो, डबल बास आणि ड्रम वाजवणाऱ्या तिघांच्या, कार्यक्रमाची बातमी आली. कोल्हापुरात असा कार्यक्रम होतो आणि त्याला चार कॉलमची जागा मिळते, याचं मला मनापासून समाधान आहे. पण त्या बातमीत पियानो वाजवणाऱ्या बाईंचं नाव तीनदा आहे, त्यांच्या पोशाखाचा रंग आहे, दीपप्रज्वलनाला उभ्या राहिलेल्या सहा जणांची नावं हुद्द्यांसकट आहेत, आणि उरलेल्या दोन वादकांसाठी ‘साथीदारांनीही उत्तम साथ दिली’ एवढं एक वाक्य आहे. फोटोत डबल बासची दांडी बाईंच्या डोक्यामागून वर आलेली दिसते, ती धरणारा माणूस मात्र कापला गेलाय. ड्रमवाला फोटोत नाहीच.

राजारामपुरीत माझा वाद्यं भाड्यानं देण्याचा व्यवसाय आहे, आणि तरुणपणापासून मी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवत आलो आहे. आमच्या धंद्यात ड्रमसेटला आजही ‘जाझ’ म्हणतात. गणपतीच्या दिवसांत मंडळाची पोरं फोन करून ‘काका, जाझ मोकळा हाय का’ असंच विचारतात. युरोपातली ही तीन माणसं पुण्याहून गोव्याला जाताना एका रात्रीसाठी कोल्हापुरात थांबली, तेव्हा आयोजकांनी ड्रमसेट माझ्याकडून घेतला. त्यामुळं दुपारी छोटा हत्ती सभागृहाच्या मागच्या दाराला लागल्यापासून रात्री सामान परत भरेपर्यंत मी तिथंच होतो. आपल्या बातमीदाराला दीपप्रज्वलनानंतर आणखी दोन कार्यक्रम गाठायचे होते, हे मी समजू शकतो. म्हणून त्यानंतर जे झालं आणि त्याआधी जे झालं, ते लिहून पाठवतो आहे.

फिरतीवरच्या ट्रिओत तिघांची अडचण तीन तऱ्हेची असते. पियानोवादक आपला पियानो घेऊन हिंडू शकत नाही, गावात जो असेल त्यावर वाजवायचं. इथं शाळेचा जुना उभा पियानो होता. तो जुळवायला पुण्याहून माणूस आणला होता आणि त्यानं काम चांगलं केलं होतं. तरी बाईंनी सगळ्या ८८ पट्ट्या एकेक करून दाबून पाहिल्या. खालच्या भागातल्या दोन दाबल्या की चटकन वर येत नव्हत्या. त्यांनी त्या दोन पट्ट्या बासवाल्यांना बोलावून दाखवल्या. रात्री त्या भागातले स्वर बासवाल्यांनी आपल्याकडं घेतले आणि बाईंचा डावा हात तिकडं गेलाच नाही. ऐकणाऱ्याला काही कळलं नाही, कारण कळू नये अशीच व्यवस्था दुपारी झाली होती.

बासवाले गृहस्थ पन्नाशीपुढचे. त्यांचं वाद्य माणसाहून उंच, ते विमानानं न्यायचं म्हणजे केवढं दिव्य! म्हणून फिरतीवरचे पुष्कळ बासवादक दांडी सुटी होईल असं वाद्य करून घेतात. यांच्या पेटीतूनही पोट वेगळं आणि दांडी वेगळी निघाली. त्यांनी दांडी बसवून स्क्रूनं आवळली, घोडी उभी केली, मग चारही तारा थोड्या थोड्या, आलटून पालटून ताणत नेल्या. या वाद्याच्या पोटात वरच्या आणि खालच्या फळीमध्ये एक लाकडी खुंट असतो. तो चिकटवलेला नसतो, नुसत्या दाबावर उभा असतो. तारा पूर्ण सैल सुटल्या तर तो पडतो आणि मग वाद्याचा आवाजच बसतो. गृहस्थांनी मोबाइलचा उजेड पाडून घोडीच्या बाजूच्या वळणदार फटीतून तो खुंट पाहिला, घोडी केसभर सरकवली, पुन्हा पाहिलं. हे सगळं होईपर्यंत त्यांनी चहाला हात लावला नाही. आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर मिरज आहे. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानानं बातम्या वाचल्या. वाद्य जुळवणाऱ्या हाताचं मोल आपल्या भागातल्या वाचकाला नव्यानं सांगावं लागत नाही. त्याला फक्त तो हात कुणाचा होता हे सांगावं लागतं.

ड्रमवाला तिशीतला मुलगा. त्यानं स्वतःचं काय आणलं होतं? सिंबलची एक गोल पिशवी, काठ्या आणि तारांचे ब्रश. बाकी सगळं माझं. ऑर्केस्ट्रात आम्ही बावीस इंची किक, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, ठेवतो, आत उशी कोंबतो, पुढच्या हेडला भोक पाडून माइक आत घालतो. त्यातून आखूड, घट्ट ‘धप’ निघतो आणि लावणीपासून डिस्कोपर्यंत सगळ्याला चालतो. या मुलाला ते नको होतं. त्याला घुमणारा, सूर असलेला ड्रम हवा होता. मला आठवलं, माझ्या गुरूंनी दिलेला जुना अठरा इंची किक घरी माळ्यावर आहे. ते गोव्याचे होते, मुंबईच्या स्टुडिओंत वाजवून शेवटी इकडं स्थायिक झाले. जाझची पहिली कॅसेट मी त्यांच्याकडंच ऐकली. माझ्या मुलाला गाडीवर पिटाळून तो ड्रम आणवला. ड्रमवाल्या पोरानं पाण्यानं भिजवलेल्या फडक्यानं तो पुसला, उशीला हात लावला नाही, आणि एकेक बोल्ट चावीनं पाव पाव फेरा फिरवत तो एवढा वर चढवला की ठोका झाल्यावर सूर हवेत राहायला लागला. स्नेअरला, म्हणजे पुढ्यातल्या छोट्या ड्रमला, नवीन पांढरं खरखरीत हेड घालायला लावलं. ब्रश घासायचे तर पान खरखरीतच लागतं, गुळगुळीत पानावर तारा नुसत्या सरकतात.

आता रात्रीचं. सातारी कंदी पेढ्यांचा बॉक्स आणि शाल-श्रीफळ झाल्यावर तिघं बसले. पियानो, बास आणि ड्रम एवढे जवळ की हात लांबवला तर एकमेकांना लागेल. माइक फार थोडे. बातमीत ‘पियानोच्या सुरांनी रसिक मंत्रमुग्ध’ असा मथळा आहे. सूर पियानोचे होते, पण ते उभे कशावर होते?

जाझमधल्या पुष्कळ रचना ३२ बारच्या असतात, एका बारमध्ये बहुधा चार ठोके. आधी मूळ चाल वाजते, मग तेच ३२ बारचं चक्र फिरत राहतं आणि त्यावर ज्याचा त्याचा विस्तार होतो. आवर्तन म्हटलं की आपल्याला ते लगेच कळतं. आता या चक्रात आपण कुठं आहोत हे सांगतो कोण? बासवाला. प्रत्येक ठोक्याला एक स्वर, आणि तो स्वर असा की खालचा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, कोणता आहे ते कानाला कळावं. पियानोवादक डाव्या हातानं कॉर्ड धरतात तेव्हा त्यातला मूळ स्वर मुद्दाम सोडून देतात, कारण तो बासकडं असतो. म्हणजे पियानोचा डावा हात अर्धा पियानोवर आणि अर्धा शेजारच्या माणसाकडं. बास काढून घ्या, तेच कॉर्ड अधांतरी वाटतील.

आणि ड्रमवाला ताल धरून बसलेला नसतो. उजव्या हातानं मोठ्या सिंबलवर चाल सुरू, डाव्या पायानं हाय-हॅट, म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन सिंबलची जोडी, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला मिटते, आणि डावा हात पूर्ण मोकळा. त्या हातानं तो पियानोच्या वाक्याला उत्तर देतो, कधी वाक्य संपायच्या आत. उत्तरार्धात पियानो आणि ड्रम चार-चार बार आलटून पालटून वाजवत होते. ड्रमवाला एकटा असताना बाकी दोघं मांडीवर हात ठेवून बसलेले दिसले, पण चक्र त्यांच्या डोक्यात चालूच होतं. त्याचा चौथा बार संपला आणि पुढच्या पहिल्या ठोक्यावर तिघं एकत्र आले, तेव्हा पाठीमागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या मंडळींनी समेला द्यावी तशी दाद दिली. त्यांच्यात एक भजनी मंडळातले पखवाजी होते. त्यांनी जाझ कधी ऐकलं नव्हतं आणि त्यांना कुणी काही समजावलंही नव्हतं.

माझ्या लेखी सगळ्यात मोठा क्षण बासच्या एकट्या विस्ताराचा. त्याबद्दल बातमीत अक्षर नाही. बाईंनी दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलले. ड्रमवाल्यानं ब्रश खाली ठेवले, फक्त पायानं हाय-हॅट हलकी हलकी चालू ठेवली. तो एवढा मोठा भोपळा बोलायला लागला, वरच्या तारेवर, जवळजवळ गळ्यातून आल्यासारखा. सभागृहातल्या पंख्यांचा आवाज त्रास द्यायला लागला तेव्हा कुणीतरी उठून ते बंद केले. उकाडा होता, पण कुणी तक्रार केली नाही.

हे एका ट्रिओपुरतं नाही, म्हणून थोडा इतिहास लिहितो. २५ जून १९६१ या रविवारी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात बिल इव्हान्स यांच्या ट्रिओनं दुपारी आणि रात्री मिळून पाच बैठका वाजवल्या, त्या रेकॉर्ड झाल्या. पियानोवर इव्हान्स, बासवर स्कॉट लाफारो, ड्रमवर पॉल मोशन. आज जगभर पियानो ट्रिओ शिकणारा प्रत्येक जण त्या रेकॉर्डिंगपाशी जातो. त्यात ग्लासांची किणकिण ऐकू येते, लोकांच्या गप्पा ऐकू येतात, आणि त्या गप्पांमधून तीन माणसं एकाच वेळी बोलत असल्यासारखी वाजवतात. त्याआधी बासवाला बहुधा ठोके चालत राहायचा. लाफारो मध्येच थांबायचा, पियानोच्या चालीशेजारी आपली दुसरी चाल काढायचा, आणि मोशन ठोका न देताही ठोका जाणवू द्यायचा. लाफारोनं बास हातात घेतला तो वयाच्या अठराव्या वर्षी. त्या रविवारनंतर अकरा दिवसांनी, ६ जुलै १९६१ ला, तो मोटारअपघातात गेला. वय २५. इव्हान्स त्यानंतर कित्येक महिने लोकांसमोर वाजवायला बसले नाहीत. आणि त्या रेकॉर्डिंगमधून जी पहिली तबकडी निघाली, तिच्या कव्हरवर ट्रिओच्या नावाबरोबर स्कॉट लाफारोचं नाव छापलं गेलं. तबकडीसाठी रचना निवडल्या त्याही त्याचं काम ठळक ऐकू येईल अशा, त्यातल्या दोन त्यानंच बांधलेल्या. ज्या ट्रिओला जग इव्हान्सच्या नावानं ओळखतं, त्याच्या प्रमुखाला आणि कंपनीला ते नाव कव्हरवर असावं असं वाटलं.

ड्रमवाल्यांपैकी व्हर्नेल फोर्निए यांचं नाव मला घ्यायलाच हवं. पियानोवादक अहमद जमाल यांच्या ट्रिओची १९५८ साली शिकागोच्या पर्शिंग हॉटेलात रेकॉर्ड झालेली तबकडी अमेरिकेत दोन वर्षांहून अधिक काळ खपाच्या यादीत होती. त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या रचनेत फोर्निए एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात मऊ गोळ्याचं मॅलेट घेऊन वाजवतात, आणि तो एक माणूस दोन-तीन माणसांसारखा ऐकू येतो. ते न्यू ऑर्लीन्सचे. तिथं रस्त्यावरून बँड निघतात, त्यातल्या मोठ्या ढोलाची चाल त्यांच्या हातात उतरली होती. ज्या गावात लग्नाच्या वरातीपुढं बँड पार्टी वाजल्याशिवाय मांडव हलत नाही, त्या गावाला हे लगेच कळावं. बासवर इझ्राएल क्रॉस्बी होते. तेही त्या तबकडीचे तेवढेच मालक.

पुढं पियानोवर कीथ जॅरेट, बासवर गॅरी पीकॉक आणि ड्रमवर जॅक डीजॉनेट यांनी १९८३ मध्ये कायमचा ट्रिओ म्हणून ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि तीसेक वर्षं ते तिघंच राहिले. त्यांच्या कव्हरवर तिघांची नावं असत. स्वीडनच्या एस्ब्यर्न स्वेनसन ट्रिओनं तर प्रमुखाचं पूर्ण नाव मागं घेऊन नुसती तीन आद्याक्षरं ठेवली, आपण तिघांचा बँड आहोत हे लोकांना कळावं म्हणून. म्हणजे मी मागतोय ते त्या दोघांचे लाड नाहीत, या प्रकारात ती रीतच आहे. परवाही बाईंनी मध्यंतराआधी आणि शेवटी माइकवर दोघांची नावं घेतली, प्रत्येकाकडं हात करून, टाळ्या थांबेपर्यंत वाट पाहून. वाकून नमस्कार करताना त्या मधोमध उभ्या राहिल्या नाहीत, कडेला राहिल्या.

कुणी म्हणेल, आपल्याकडं अशी पद्धत नाही. हे कोल्हापुरात बसून म्हणता येणार नाही. गोविंदराव टेंबे आपले. भास्करबुवा बखल्यांच्या मागं पेटी धरणारा माणूस, पण पेटीवाला म्हणून कुणी त्यांना अनुल्लेखानं मारलं नाही. १९३२ साली कोल्हापुरात प्रभातनं पहिला मराठी बोलपट केला तेव्हा त्याला संगीत त्यांचं होतं. बालगंधर्वांसारखा नट-गायक समोर असताना गंधर्व कंपनीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष होते, आणि प्रेक्षकांना ती नावं पाठ होती. अल्लादियाखाँसाहेबांना शाहू महाराजांनी दरबारात आणलं, देवल क्लबात गाणं ऐकून ऐकून या गावाचा कान तयार झाला. त्या कानाला ठेका कुणाचा आहे हे विचारायची सवय होती.

ती सवय केव्हातरी सुटली, आणि त्यात सिनेमाच्या तबकड्यांचा मोठा हात आहे असं मला वाटतं. कव्हरवर संगीतकार, गीतकार, गायक. मागं वाजवणारी शंभर माणसं बिननावाची. माझ्या गुरूंना सिनेमाच्या गाण्यांत तालवाद्यं वाजवणारे कावस लॉर्ड आणि त्यांचे मुलगे केर्सी, बुजी यांच्याबद्दल बोलताना मी ऐकलंय. सेबॅस्टियन डिसूझा यांनी किती गाण्यांचे वाद्यमेळ बांधले हे ते बोटांवर मोजत बसायचे. रेडिओवर एखादं गाणं लागलं की ‘हा ट्रम्पेट चिक चॉकलेटचा’ असं सांगायचे, आणि मला ते नुसतं गाणं राहायचंच नाही, त्यात माणूस दिसायला लागायचा. स्वतः वाजवलेली गाणी लागली की मात्र ते काही बोलत नसत. त्यांचं नाव कुठल्याच कव्हरवर नव्हतं.

आज आपल्या जिल्ह्यात रोज कुठं ना कुठं गाण्याचा कार्यक्रम असतो. लावणीच्या बातमीत ढोलकीवाल्याचं नाव नसतं, आणि ढोलकी नसली तर लावणी सुरूच होत नाही. कीर्तनाच्या बातमीत मृदंगाचार्य नसतात. सुगम संगीताच्या बातमीत ‘वाद्यवृंद’ असतो. मी हे स्वतःसाठी मागत नाही, माझं वाजवायचं वय सरलं. पण माझ्याकडं ऑक्टोपॅड आणि ड्रम शिकायला बारा-चौदा वर्षांची मुलं येतात. आपला मुलगा वाजवतोय ते पेपरात येईल असं त्यांच्या आईबापांना वाटतं, आणि येतं ते ‘व साथीदार’.

जागेचं कारण मला पटत नाही. दोन नावांना एक ओळ पुरते. आणि आपल्या दैनिकाला हे जमतं, हे मी पाहिलंय. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा आपल्या बातमीदारांनी नटांबरोबर पडदा ओढणाऱ्यांना, लाइटवाल्यांना, रंगपटातल्या माणसांना गाठलं आणि नावानिशी बोलतं केलं. त्या बातम्या मी कापून ठेवल्या आहेत. त्या आठवड्यात गावाला कळलं की ते नाट्यगृह कुणाच्या हातांवर चाललं होतं. तेच मला नेहमीच्या दिवसातल्या नेहमीच्या बातमीत हवं आहे.

आयोजकांनाही सांगणं आहे. प्रमुख पाहुण्यांच्या परिचयाचा कागद बातमीदाराच्या हातात पडतो, तसा वादकांच्या नावांचा कागद पडायला हवा. त्यात कुणाचं वाद्य कोणतं हे असावं, आणि परदेशी नाव असेल तर ते मराठीत कसं लिहायचं हे त्या माणसालाच विचारून लिहावं. साउंड चेकला अर्धा तास आधी बोलावलं तर फोटोही तिघांचा नीट मिळेल. त्या वेळी स्टेजवर पाहुण्यांच्या खुर्च्या नसतात, आणि ड्रमवाला पियानोच्या आड जात नाही.

सोबत एक वेगळा कागद जोडला आहे. सामान भरून झाल्यावर तिघांनी आपापल्या हातानं त्यावर नाव आणि वाद्य लिहून दिलं, आणि उच्चार सांगितला तसा मी खाली देवनागरीत उतरवला आहे. ती नावं या पत्रात मी मुद्दाम लिहिलेली नाहीत. इथं आली तर ती एका वाचकाची तक्रार म्हणून छापली जातील. ती पुरवणीच्या पानावर, जिथं ती बातमी आली होती तिथं, आपल्या दैनिकाच्या शब्दांत यावीत. फोटोही देतो आहे, माझ्या मुलानं मोबाइलवर काढलेला, तिघंही पूर्ण दिसतात. तो वापरायला त्यांची हरकत नाही, मी विचारून घेतलं आहे. छापून आलेलं पान मला गोव्याच्या पुढच्या मुक्कामी त्यांना पाठवायचं आहे, तेव्हा शक्य तर या रविवारच्या आत घ्यावं.

माझं नाव आणि पत्ता पाकिटावर आहे. माझा भाड्याचा धंदा असल्यानं पत्राखाली ते छापू नये, जाहिरात केल्यासारखं दिसेल.

आपला,
एक ड्रमवादक
राजारामपुरी, कोल्हापूर